मंडळात पोरगं काय शिकतं? नागपूरच्या स्वयंसेवेची शंभर वर्षं

३१ ऑक्टोबर २०२३ ला केंद्र सरकारने 'मेरा युवा भारत' हे तरुणांसाठीचं व्यासपीठ सुरू केलं. तेव्हापासून स्वयंसेवेची नोंदणी ऑनलाइन आणि प्रमाणपत्रही ऑनलाइन. कॉलेजांत सेवेला श्रेयांक मिळू लागले, आणि घरोघरी जुनाच प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला: मंडळात, शिबिरात जाऊन पोराचं भलं होतं की नुसता अभ्यास बुडतो?

नागपूरपुरतं बोलायचं तर या प्रश्नाला बराच इतिहास आहे. त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की इथल्या जुन्या संघटनांपैकी जवळपास एकही 'तरुणांचा विकास' करायला निघालेली नव्हती. मोठ्यांना काम उरकायचं होतं, हात कमी पडत होते, म्हणून पोरांना हाक मारली गेली. पोरं घडली ती त्या ओघात.

सुरुवात आखाड्यांपासून करावी लागते. महाल, इतवारीतल्या जुन्या वस्त्यांत कुस्ती, मल्लखांब, दांडपट्टा चाले. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्याचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. आखाड्यात नवा पोरगा आला की पहिले काही दिवस त्याच्या वाट्याला कुस्ती नसते, माती असते. ती खणायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळायची, आणि हे सगळं उस्ताद यायच्या आत. वेळ पाळणं आणि वडीलधाऱ्याचा शब्द झेलणं या दोन गोष्टी तिथे भाषणाविना अंगवळणी पडत. अर्थात सगळेच आखाडे सगळ्या जातींना खुले होते असं समजण्याचं कारण नाही. त्याची भरपाई पुढे वेगळ्या संघटनांनी केली.

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते इथेच. १४ हजारांवर प्रतिनिधी आले होते. एवढ्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, मुक्कामाला लावणं, पाणी, जेवण, मंडपाची दारं सांभाळणं हे काम करायला तरुणांची फळी उभी राहिली. डॉ. ल. वा. परांजपे आणि डॉ. केशव हेडगेवार या व्यवस्थेत पुढे होते. विशी-बाविशीतल्या पोरांच्या हाती एवढी मोठी, सार्वजनिक, चुकली तर सगळ्या देशात बोभाटा होईल अशी जबाबदारी देण्याचा हा या शहरातला पहिलाच मोठा प्रसंग असावा.

त्यानंतर १९२३ चा झेंडा सत्याग्रह. इंग्रज अधिकाऱ्यांच्या सिव्हिल लाइन्स वस्तीकडे तिरंगा घेऊन जायला बंदी होती, आणि स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज तिकडेच निघत. आधी जमनालाल बजाज, त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी नेतृत्व केलं. देशभरातून तरुण येत, अटक होत. ऑगस्टमध्ये सत्याग्रह संपला तेव्हा तुरुंगात गेलेल्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. उत्साहाला तोटा नव्हता, पण आत गेल्यावर बऱ्याच जणांचा धीर सुटला आणि माफीनामे लिहून दिले गेले. हुबळीहून डॉ. ना. सु. हर्डीकरांबरोबर आलेल्या स्वयंसेवकांनी मात्र माफी मागितली नाही. जोश एका दिवसात चढतो, पण टिकायला सराव लागतो, हे काँग्रेसच्या पुढाऱ्यांना नागपूरच्या तुरुंगाने दाखवलं. त्याच वर्षाअखेरीस काकिनाडा अधिवेशनात काँग्रेसच्या स्वयंसेवकांचं हिंदुस्थानी सेवा दल काढायचा निर्णय झाला. १९२५ च्या विजयादशमीला हेडगेवारांनी नागपुरातच राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू केला. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचं अंतर. तरी रोज ठरल्या वेळी जमायचं, कवायत करायची, पोरातूनच पुढचा नायक तयार करायचा, ही रीत दोन्हीकडे सारखी दिसते.

तिसरा प्रवाह समता सैनिक दलाचा. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने दल सुरू झालं आणि नागपुरात त्याने घट्ट मूळ धरलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. तिला जोडूनच महिलांची परिषद आणि समता सैनिक दलाची परिषद भरली. ज्या पोराला गावात विहिरीवर जाता येत नव्हतं, त्याच्या अंगावर गणवेश आला आणि हजारोंच्या गर्दीला 'इकडून या, तिकडून जा' सांगण्याचा अधिकार आला. आत्मविश्वास वाढवण्याची कोणतीही कार्यशाळा याच्यापुढे फिकी पडेल.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची बांधाबांध वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मैदान साफसूफ करण्यापासून लाखोंच्या समुदायाची शिस्त राखण्यापर्यंत कामं स्वयंसेवकांनी उचलली. तो शिरस्ता आजही आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर लेआउटांतली पोट्टी भोजनदानाचे स्टॉल लावतात. पहाटे गंजभर भाजी शिजते, पुऱ्या लाटायला आया-बहिणी बसतात, आणि वाढायला दहावी-बारावीतली मुलं. पत्रावळी कमी पडल्या की कोण धावणार, रांग मोडली की कोण बोलणार, उरलेलं अन्न आणि कचरा कुठे जाणार, हे मागच्या वर्षी ज्याने निस्तरलं तोच यंदा ठरवतो. पलीकडे माइकवर हरवलेल्या माणसांची नावं पुकारली जात असतात, आणि तिथेही बसलेला पोरगा विशीच्या आतलाच असतो.

गिरणी कामगारांच्या वस्त्यांतही थोडं काम झालं. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने कामगार-कल्याणाचं काम वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेकडे सोपवलं होतं. खेळ आणि रात्रीचे वर्ग त्यातून वस्त्यांत आले.

शहराबाहेर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई रुजवली. पुढे बाबा आमटे यांनी मूलजवळ सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. दर मे महिन्यात, विदर्भाच्या ऐन उन्हात, कॉलेजची मुलं तिथे पहाटे उठून कुदळ-फावडं हातात घेतात आणि दुपारी व्याख्यानं ऐकतात. अनेक मराठी कार्यकर्त्यांच्या आयुष्याची सुरुवात याच छावणीत झाली.

खरं वळण आलं २४ सप्टेंबर १९६९ ला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) सुरू झाली. सेवेतून विद्यार्थ्याचं व्यक्तिमत्त्व घडवणं हा हेतू सरकारी कागदावर पहिल्यांदा स्पष्ट लिहिला गेला. इतकी वर्षं जे आपसूक होत होतं, तेच आता उद्दिष्ट झालं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. रासेयोमुळे फायदा झाला यात वाद नाही. ज्या मुलाच्या घरी चळवळीची, संघटनेची परंपरा नव्हती, त्यालाही दार उघडलं. पण मोजणी आली की मोजण्यापुरतं काम येतं. हजेरीचा फोटो, बॅनर, दहा झाडं आणि चाळीस हात, हे चित्र कोणत्याही कार्यक्रम अधिकाऱ्याला अनोळखी नाही. फरक पडतो तो सात दिवसांच्या शिबिरात. स्वयंपाकाची पाळी असते, शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपायचं असतं, आणि 'तुम्ही गेल्यावर नाली कोण साफ करणार?' असं विचारणाऱ्या गावकऱ्याला उत्तर द्यायचं असतं.

१९७२ पासून नेहरू युवा केंद्रं आली आणि गावांतल्या युवा मंडळांना सरकारी आधार मिळाला. शहरातल्या मोहल्ल्यांतली क्रीडा मंडळं आणि गणेश मंडळं मात्र आपल्या बळावरच चालत राहिली. तिथलं सगळ्यात मोठं शिक्षण पावती पुस्तकातून होतं, असं माझं मत आहे. एकोणीस वर्षांचा कोषाध्यक्ष वर्गणीला दारोदार जातो. एक काका शंभराची नोट देण्याआधी चष्मा पुसत विचारतात, "मागच्या साली डीजेवर किती उडवले बे?" तो हिशोब तोंडावर सांगता आला तर पुढच्या वर्षी मान, नाही आला तर दार बंद. मंडळाची नोंदणी करायला किमान सात सभासद लागतात, म्हणजे सात जणांचं एकमत करणंही आलं. कॉलेजात असला पेपर कोणी काढत नाही.

२००१ मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यांना ही मुलं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली होती. 'स्लम सॉकर'चा संघ पुढे होमलेस वर्ल्ड कपपर्यंत गेला. त्या प्रसिद्धीपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते: इथे खेळलेली काही मुलं इथेच प्रशिक्षक झाली. घेणारा देणारा होतो, तेव्हाच क्लब टिकतो.

अलीकडची उदाहरणं लहान आहेत, पण शहराच्या अंगवळणी पडलेली. २०१४ च्या सुमारास सुरू झालेल्या पौर्णिमा दिवसाला ग्रीन व्हिजिल या पर्यावरण संस्थेचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून दुकानदारांना तासभर अनावश्यक दिवे बंद करायला विनवतात. अनोळखी माणसाकडून 'नाही' ऐकून घेऊन शेजारच्या दुकानात जाणं, एवढंच ते काम. लाजऱ्या पोराला ते अवघड जातं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये घरांत पाणी शिरलं, तेव्हा गणेशोत्सव सुरू होता. पोरं आधीच मांडवात एकत्र होती. चिखल उपसायला आणि जेवणाची पाकिटं पोचवायला त्यांना कोणी तास मोजून दिले नाहीत.

मुलींचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. १९३६ मध्ये वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेचं अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषवलं. म्हणजे सुरुवात उशिरा झाली असंही नाही. तरी आजच्या मोहल्ल्यातल्या मंडळाची कार्यकारिणी काढून पाहा, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष बहुतेक ठिकाणी मुलगेच. मुली रांगोळीला आणि सांस्कृतिक कार्यक्रमाला. रासेयोच्या शिबिरांत त्या बरोबरीने दिसतात, कारण तिथे मुक्कामाची सोय आणि मॅडम सोबत असल्याची हमी असते. मंडळाच्या रात्री अकराच्या बैठकीला ती हमी कोणी देत नाही, आणि बैठक सायंकाळी सातला घ्यावी हे अजून फार थोड्या मंडळांना सुचलंय.