एआयने लेखांचा ढीग लावला म्हणजे वाचक येतात असं नाही

"एआयकडून रोज दहा लेख लिहून घ्या, गूगल सर्चशिवायही वाचक आपोआप येतात" हा सल्ला बराच काळ फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सर्चमध्ये निदान कोणीतरी काही शोधत असतं. ईमेल आणि व्हॉट्सॲपवर लेख वाचकापर्यंत आपणच पोहोचवावा लागतो. शिवाय वाचकाच्या उपयोगाचा नसलेला, घाऊक काढलेला मजकूर मार्च 2024 पासून गूगलच्या स्पॅम धोरणात बसतो, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने.

एआयचा खरा उपयोग लेख तयार झाल्यावर. नीट तपासलेला एकच लेख द्या आणि त्यातून ईमेलसाठी 150 शब्द, व्हॉट्सॲप चॅनेलसाठी तीन ओळी आणि पाच मथळे मागा. "लेखात नसलेलं काही घालू नको" असं बजावा, तरी आकडे आणि नावं मूळ लेखाशी ताडून पाहाच. 'या लेखात आपण जाणून घेणार आहोत' छापाची वाक्यं हमखास येतात, ती उडवा.

ईमेल स्पॅममध्ये जातो तेव्हा दोष अनेकदा मजकुराचा नसतो. डोमेनवर (ईमेलमधल्या @ नंतरच्या नावावर) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्याकडून आला आहे हे पटवणाऱ्या नोंदीच नसतात. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून या तिन्ही सक्तीच्या आहेत. स्पॅमच्या तक्रारीही 0.3 टक्क्यांच्या खाली लागतात. विकत घेतलेली ईमेल पत्त्यांची यादी इथेच बुडवते.

व्हॉट्सॲपवरून आलेले वाचक ॲनालिटिक्समध्ये (वाचकांची मोजणी करणाऱ्या साधनात) बहुधा 'डायरेक्ट' दिसतात, म्हणजे कुठून आले ते कळत नाही. प्रत्येक मथळ्याच्या लिंकला वेगळा यूटीएम (वाचक कोणत्या लिंकवरून आला ते सांगणारी खूण) जोडा, नाहीतर कोणता चालला ते कळणार नाही.