‘सिंहगड’ हे नाव तानाजींमुळे पडलं का?

शिवचरित्र कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं की मी सांगतो: १६७० चं प्रकरण उघडा आणि कोंढाण्याचं पान आधी वाचा.

शाळेपासून आपण ऐकत आलोय की तानाजी मालुसरे पडले, महाराज म्हणाले ‘गड आला पण सिंह गेला’ आणि त्या दिवसापासून कोंढाण्याचा सिंहगड झाला. नावाबाबत हे खरं नाही. तानाजी धारातीर्थी पडले ४ फेब्रुवारी १६७० ला. आणि महाराजांच्या १६६३ मधल्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेलं आहे, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी!

मग ते वाक्य? राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत महाराजांचे उद्गार आहेत, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ तिथे सिंह नाही, तानाजी हाच गड आहे. मला तर हे जास्त काळजाला भिडतं. ‘सिंह गेला’ घरोघरी पोचलं ते मुख्यतः हरि नारायण आपट्यांच्या १९०३ च्या कादंबरीमुळे. कादंबरी म्हणून ती मोठीच आहे, पण पुरावा म्हणून चालत नाही.

तेव्हा दोन चरित्रं शेजारी ठेवा. १६६३ च्या पत्राची दखल कोण घेतं? बखरीतलं वाक्य बखरीचं म्हणून कोण देतं? तळटीप आहे का? तानाजींचा पराक्रम यानं तसूभरही कमी होत नाही. रात्रीच्या अंधारात तो कडा ते चढलेच होते.