माणूस नसलेलं कॅम्पग्राउंड म्हणजे फुकटचं कॅम्पिंग नव्हे

इथे कॅलिफोर्नियात उन्हाळा आला की प्रत्येक पॉटलकला, म्हणजे एकेक पदार्थ घेऊन जमायच्या जेवणाला, कोणीतरी विचारतंच, नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे सरकारी जंगलात, कॅम्पिंग फुकट असतं ना? दोघं हो म्हणतात, दोघं नाही म्हणतात आणि चौघंही बरोबर असतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

टाहो नॅशनल फॉरेस्टचंच बघा. हायवे ४९ ने डाउनीव्हिल, सिएरा सिटीकडे जाताना नॉर्थ युबा नदीच्या कडेने फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे इथल्या सरकारी वनखात्याची, छोटी छोटी कॅम्पग्राउंड लागतात. अशा ठिकाणी टेबल असतं, शेकोटीचं लोखंडी कडं असतं, खड्ड्यावरचा संडास असतो, आणि बऱ्याचदा माणूस मात्र कोणीच नसतो. आत शिरताना बोर्डाजवळ एक जाडजूड लोखंडी नळकांडं उभं असतं, त्याला म्हणतात आयर्न रेंजर, म्हणजे लोखंडी वनरक्षक. आमच्या सासूबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, "ही काय दानपेटी आहे का रे?" तसंच समजा, फक्त दान ऐच्छिक नाही. आधी जागा धरायची, मग पाकिटावर गाडीचा नंबर, तारीख, साइट नंबर लिहून आत पैसे घालायचे, कडेची चिठ्ठी फाडून आपल्या साइटच्या खांबाला अडकवायची आणि पाकीट फटीतून आत सोडायचं. हे सगळं साधारण अर्ध्या तासात. रेंजर कधीतरी चक्कर मारतो तेव्हा चिठ्ठीच बघतो. सुट्टे मिळत नाहीत हे मला तिथे पोचल्यावर कळलं, खिशात फक्त वीसच्या नोटा, चेकबुक घरी, मग काय, जास्तीचे पैसे गेले त्या नळकांड्यात. वर्षाचा पार्क पास दाखवून चालेल असंही काहींना वाटतं, पण तो प्रवेशाचा, रात्रीच्या मुक्कामाचा नाही.

आता दुसरं, डिस्पर्स्ड कॅम्पिंग. हे खरंच बहुतेक ठिकाणी फुकट, म्हणजे कॅम्पग्राउंड सोडून जंगलात जिथे परवानगी आहे तिथे तंबू. पण टेबल नाही, संडास नाही, फावडं घेऊन ६ ते ८ इंच खड्डा स्वतः खणायचा, कचरा सगळा परत न्यायचा. कॅलिफोर्नियात अशा ठिकाणी शेकोटीला तर लागतंच पण साध्या गॅसच्या शेगडीलाही कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं पण लागतं.

आणि गंमत म्हणजे ज्यांना नदीकाठी झोपायचंय तेच नेमके फुकटाच्या मागे लागतात. डिस्पर्स्डमध्ये पाण्यापासून लांब राहायचं, साधारण २०० फूट म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरेक पावलं, असं फॉरेस्ट सर्व्हिस सांगते. पैसे भरलेल्या साइटवर मात्र आम्ही खुर्ची टाकून बसल्या बसल्या पाय युबात सोडले होते, वितळलेल्या बर्फाचं पाणी, दोन मिनिटांत सासूबाईंनी पाय वर घेतले. प्यायचं पाणी मात्र दोन्हीकडे घरून न्या, नळ दिसला तरी त्यात पाणी असेलच असं नाही.