रॅम टाकली, पण मशीनला दिसली का? ७८०८ च्या आकड्यामागची गोष्ट

अंबड एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये सीएनसीला (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्राम पाठवायला अजून जुना ४८६ पीसी आहे, त्याची रॅम परवा ४ एमबीची ८ एमबी केली. ३० पिनच्या एकेक एमबीच्या चार पट्ट्या लावल्या (चारचा सेट म्हणजे एक बँक, सेट पूर्ण नसेल तर ती चालतच नाही) आणि चालू केल्या केल्या ‘सीमॉस मेमरी साइज मिसमॅच’. सीमॉस म्हणजे आधीचा रॅमचा आकडा नोंदवून ठेवणारी छोटी मेमरी. मालक म्हणाले, रॅम खराब निघाली, परत करा. अहो, उलट आहे! मोजणी वेगळी आली म्हणूनच मशीन बोंबललं, म्हणजे रॅम दिसली. सेटअपमध्ये जाऊन सेव्ह केलं की मेसेज गेला.

ही सोय आधी नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीत मेमरी किती ते बोर्डावरचे डिप स्विच पेनाच्या टोकाने सरकवून सांगायचं, कमी सांगितलं तर वरची मेमरी नुसती पडून राहायची. १९८४ च्या एटीमध्ये हे बॅटरीवरच्या सीमॉसमध्ये गेलं, पण सेटअप फ्लॉपीवर होतं, त्यामुळे रॅम बदलली की १६४ एरर आणि मग फ्लॉपी शोधा. सेटअप बायोसमध्येच (मशीन चालू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) आलं तेव्हा कुठे हायसं वाटलं.

तरी खरा घोळ पुढेच आहे. मालकांनी स्क्रीनवरचे बेस ६४० आणि एक्स्टेंडेड ७१६८ केबी कागदावर मांडून बेरीज केली, ७८०८ आले, आणि ८ एमबी म्हणजे तर ८१९२. मग ३८४ केबी गेले कुठे? कुठेच नाही गेले. पहिल्या पीसीच्या ८०८८ प्रोसेसरला १ एमबीच्या पुढचा पत्ताच घालता येत नव्हता, त्यातला वरचा ३८४ केबीचा पट्टा डिस्प्ले, कार्ड आणि बायोससाठी राखून ठेवला आणि प्रोग्रामला ६४० उरले. या निर्णयाला आजही लोक शिव्या घालतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्या मशीनचं सगळ्यात साधं मॉडेल १६ केबीचं होतं तिला चाळीसपट जागा ठेवली होती, आणि कार्डांना पत्ते कुठेतरी द्यावेच लागणार ना.

त्यात नावांनी अजून वाट लावली. एक्स्टेंडेड म्हणजे १ एमबीच्या वरची सलग मेमरी, एक्स्पांडेड म्हणजे खालच्या राखीव पट्ट्यातल्या खिडकीतून तुकड्या-तुकड्याने दिसणारी. बायोस एक्स्टेंडेड मोजतं, जुना प्रोग्राम एक्स्पांडेड मागतो, मग मेमरी ‘नॉट इनफ’ आलं की माणूस पुन्हा पट्ट्या उपसायला लागतो, काम मात्र कॉन्फिग फाइलमध्ये ईएमएम३८६ ची (एक्स्टेंडेडला एक्स्पांडेड म्हणून दाखवणाऱ्या ड्रायव्हरची) ओळ घालण्याचं असतं.

विंडोज ९५ पासून बरंचसं आपोआप झालं, कार्ड अडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसायचं.

आपल्या ४८६ वर डॉस ६.२२ आहे, तिथे मेम टाइप करून मालकांना दाखवलं: कन्व्हेन्शनल ६४०, रिझर्व्ह्ड ३८४, एक्स्टेंडेड ७१६८. टोटल ८१९२.