ऑपेराच्या जुन्या तबकड्या आणि ‘78’चा घोळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नावारूपाला आलेल्या ऑपेरा गायकांविषयी आजचे मत मुख्यतः 1902 ते 1925 या काळातील तबकड्यांवरून बनते. 1887 मध्ये मिलानला ‘ओतेल्लो’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात नायक झालेल्या टेनरने (उंच पट्टीच्या पुरुष गायकाने) त्यातील काही उतारे ध्वनिमुद्रित केले ते 1903 मध्ये. 1860च्या दशकात युरोप गाजवणाऱ्या एका सोप्रानोचा (सर्वांत उंच आवाजाच्या गायिकेचा) आवाज तबकडीवर उतरला तेव्हा तिचे वय 62 होते. एप्रिल 1902 मध्ये नेपल्सच्या एका 29 वर्षांच्या टेनरने मिलानमधील हॉटेलच्या खोलीत 100 पौंडांच्या मोबदल्यात दहा गाणी दिली आणि त्यानंतर मोठ्या रंगमंचावरचे गायक ध्वनिमुद्रणाच्या यंत्राकडे गांभीर्याने पाहू लागले. ते ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञच त्या वर्षाच्या अखेरीस कोलकात्यात येऊन हिंदुस्थानी गायिकांचे आवाज टिपत होता.

या तबकड्यांना सरसकट ‘78’ म्हटले जाते आणि खरा घोळ इथेच आहे. मिनिटाला 78 फेरे हा आकडा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विजेच्या मोटारींबरोबर रूढ झाला, आणि तोही तंतोतंत नव्हे: सेकंदाला 60 आवर्तनांच्या विजेवर 78.26, तर 50 आवर्तनांच्या विजेवर 77.92. त्याआधी ध्वनिमुद्रणाची फिरती चकती वजनाच्या किंवा स्प्रिंगच्या बळावर चाले आणि तिचा वेग सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असू शके. मिनिटाला 73.6 फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी 78 ने वाजवली, तर स्वर नेमका अर्ध्या सुराने चढतो. शिवाय आवाजातली थरथर जलद होते, स्वरोच्चार आखडतात आणि प्रौढ, भरदार आवाज पातळ व घाईचा वाटू लागतो. ‘जुने गायक थरथरत गात’ या शेऱ्यात गायकीचा दोष किती आणि चुकीच्या वेगाचा किती, हे तपासल्याशिवाय तो शेरा मारणे अन्यायाचे आहे.

मूळ स्वरलिपीतील पट्टी जुळेल असा वेग लावावा, हे वरवर सोपे दिसणारे उत्तर पुरेसे नाही, कारण त्या काळी पट्टी उतरवून गाण्याची सर्रास चाल होती. ‘ला बोएम’ या ऑपेराच्या पहिल्या अंकातील नायकाची एरिया (एकल गीत) आपल्या पेटीच्या भाषेत काळी एकमध्ये सुरू होते, पण तिच्यातला वरचा स्वर टाळण्यासाठी अनेक टेनर ती पांढरी एकमध्ये घेत. म्हणजे एकाच तबकडीचे दोन वेग सारखेच शक्य ठरतात, आणि गायकाने तो अवघड स्वर खरोखर लावला होता की नव्हता, हा निर्णय पुनर्मुद्रण करणाऱ्याच्या हाती जातो. साथीच्या पियानोचा आधारही डळमळीत आहे. फ्रान्सने 1859 मध्ये पट्टीचा संदर्भस्वर सेकंदाला 435 कंपनांवर बांधला आणि 1885 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने तो मान्य केला, तरी इंग्लंडमध्ये शतक संपत येईपर्यंत 452च्या आसपासची चढी पट्टी प्रचलित होती. 440 चा आकडा तर 1939 चा आहे. म्हणून पट्टीचा हिशेब आणि स्वरोच्चारांचा नैसर्गिकपणा, दोन्ही एकत्र तपासावे लागतात, आणि मतभेद झाला तर कानाला अधिक वजन द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

1925 पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन सहसा वापरला जात नसे. गायक आवाज गोळा करणाऱ्या कर्ण्यासमोर उभा राहून गाई आणि वरच्या स्वराला मागे सरके. सोप्रानोंच्या आवाजातले उंच उपस्वर त्या कर्ण्यातून पोचतच नसत, त्यामुळे टेनरांच्या तुलनेत त्यांची हानी अधिक झाली. 1976 मध्ये नेपल्सच्या त्याच टेनरच्या तबकड्यांवर संगणकाने संस्कार करून कर्ण्याचा गुंजारव काढण्यात आला. मात्र मुळात न टिपलेला ध्वनी परत आणणे त्या पद्धतीलाही शक्य नव्हते. आता डिजिटल आवृत्त्यांमध्ये खरखर पुष्कळ कमी झाली आहे, पण अनेकींवर वाजवण्याचा वेग आणि गृहीत धरलेली पट्टी छापलेली नसते.