शेळीच्या प्रारंभिक गाभणकाळातील गर्भाशय

शेळीला बोकड दाखवल्यावर 21 दिवसांनी ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, की वऱ्हाडात तिला गाभण धरतात. गर्भाशयात मात्र हा निकाल त्याआधीच, साधारण 15 ते 17 व्या दिवशी लागलेला असतो. अस्तरातील कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, यावर तो ठरतो.

फलन अंडनलिकेत होते. गर्भ 4-5 दिवसांत गर्भाशयात उतरतो, पण लगेच चिकटत नाही. गर्भाशयाच्या ग्रंथींचा स्राव हेच त्याचे अन्न. गाभणपण टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल टिकला की अस्तराच्या पेशी त्याचे ग्राहक (संप्रेरकाला पकडून पेशीला संदेश देणारी प्रथिने) कमी करतात आणि ग्रंथी जोमाने स्रवू लागतात. त्या स्रावातले ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन पुढे गर्भ व अस्तर यांना जोडणारा दुवा ठरते. गोल गर्भ लांबून दोऱ्यासारखा होतो आणि त्याच्या बाह्यपेशी इंटरफेरॉन-टाऊ हे प्रथिन सोडतात. त्यामुळे अस्तरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राहक तयार होत नाहीत, पीतपिंड मोडणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचे झटके बसत नाहीत आणि अंडाशयातील हा प्रोजेस्टेरॉन बनवणारा पीतपिंड वाचतो. आयएसजी-15 व एमएक्स-1 या इंटरफेरॉनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांची क्रिया याच वेळी वाढते.

मेंढीत सुमारे 50 दिवसांनंतर वार प्रोजेस्टेरॉनचे काम उचलते. शेळीत तसे नाही. पूर्ण 150 दिवस भिस्त पीतपिंडावरच. म्हणून माज आणण्यासाठीचे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन तारीख माहीत नसलेल्या शेळीला देऊ नये. ती गाभण असेल तर गाभडते.

अस्तरातील जनुकांच्या अभ्यासात सर्वांत मोठी चूक होते ती तारखेची. कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयाचा गाभणदिवस कळत नाही, आणि 14 व 18 व्या दिवसाचे चित्र अगदी वेगळे असते. तुलना त्याच दिवसाच्या रिकाम्या शेळीशी हवी. गर्भाशयात वार जिथे चिकटते त्या गाठींचे अस्तर आणि गाठींमधले अस्तर वेगळे घ्यावे. दोन्ही एकत्र कुटले तर फरक बुजतो. नमुना तत्काळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून उणे 80 अंशांवर ठेवतात, नाहीतर आरएनए (चालू जनुकाची पेशीतली नक्कल) विघटते. आरएनए वाढला म्हणजे प्रथिनही वाढलेच असे नाही. प्रथिन स्वतंत्रपणे मोजावेच लागते.

अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर या पट्ट्यात बेरारी शेळ्या आहेत. मे महिन्यातल्या उन्हाने कोवळा गर्भ दगावू शकतो, म्हणून बोकड दाखवलेल्या शेळीला दुपारी सावली आणि भरपूर पाणी हवे. नुसत्या कुटारावर (कोरड्या भुशावर) ठेवू नये. पहिल्या महिन्यात जंतासाठी अल्बेंडाझोल टाळावे, कारण त्याने गर्भात व्यंग येऊ शकते. गर्भ 14 व्या दिवसाआधी गेला तर माज वेळेवर परततो. नंतर गेला तर 25-40 दिवसांनी. ही तारीख वहीत असली की बोकड, आहार की ऊन, यांपैकी कुठे शोधायचे हे डॉक्टरांना कळते. पोटावरून सोनोग्राफी 35-40 व्या दिवसानंतर भरवशाची.