पोटातला जंतू, हृदयविकार आणि ‘पॉझिटिव्ह’चा घोळ

एच. पायलोरी हा पोटातला जंतू १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला प्रयोगशाळेत वाढवता आला. अल्सर, म्हणजे पोटातल्या जखमा, बऱ्याचदा याच जंतूमुळे होतात हे कळलं आणि त्यांचं खापर तिखटावर नि चिंतेवर फोडणं हळूहळू थांबलं. या जंतूचा हृदयविकाराशी संबंध असेल का, हा विषय निघाला १९९४ मध्ये, लंडनच्या एका छोट्या अभ्यासातून. हृदयधमन्यांचा आजार असलेल्या १११ रुग्णांपैकी ५९ टक्के ‘पॉझिटिव्ह’ निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या ७४ जणांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. जंतूमुळे पोटात वर्षानुवर्षं धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांनाही बाधत असेल, ही कल्पना पटण्यासारखी होती.

सगळा घोळ आहे तो ‘पॉझिटिव्ह’ या शब्दात. त्या काळातल्या बहुतेक अभ्यासांत रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, मोजल्या गेल्या. जंतू औषधांनी गेला तरी त्या अनेक महिने, कधी काही वर्षंही रक्तात राहतात. म्हणजे ही चाचणी ‘जंतू कधीतरी होता’ एवढंच खात्रीने सांगते. आज तो पोटात आहे का, हे श्वास-चाचणीतून कळतं. रुग्णाला खास कार्बन असलेला युरिया पाण्यातून पाजतात, वीस-तीस मिनिटांनी पिशवीत फुंकायला लावतात. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन श्वासात सापडतो.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण संसर्ग बहुधा लहानपणीच होतो, तोही दाटीवाटीच्या घरांत. तसं बालपण काढलेल्यांना पुढे हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो. मग अँटीबॉडी जंतूची खूण म्हणायची की गरिबीची? ब्रिटनमधल्या १९९९ च्या अभ्यासात हे दिसलं. तिशी-चाळिशीत हार्ट अटॅक येऊन वाचलेल्या १,१२२ जणांत ४२ टक्के पॉझिटिव्ह, निरोगी लोकांत २४. फरक डोळ्यांत भरणारा. पण एकाच घरात वाढलेल्या भावंडांची तुलना केली तेव्हा तो बराच आटला. आपल्याकडे तर प्रौढांमध्ये हा संसर्ग सर्रास आढळतो. हृदयरोग्याच्या हातात नुसता अँटीबॉडीचा ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट देऊन त्याला धास्तावणं म्हणूनच चुकीचं आहे.

पुढे हृदयरोग्यांना अँटिबायोटिक देऊन पाहण्याचे मोठे प्रयोग झाले, पण त्यांचा नेम प्रामुख्याने क्लॅमिडिया न्यूमोनिए या दुसऱ्याच जंतूवर होता. फायदा दिसला नाही. २००६ मध्ये जाहीर झालेल्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू उलट जास्त झाले. एच. पायलोरीच्या नेहमीच्या कोर्समध्ये हेच औषध असतं, त्यामुळे ‘हृदयासाठी’ म्हणून तो कोर्स सरसकट देण्याला माझा विरोध आहे.

पोट आणि हृदय यांची खरी गाठ पडते ती अ‍ॅस्पिरिनपाशी. रक्त गोठू नये म्हणून हृदयरोगी ती रोज घेतात आणि पोटात हा जंतू असेल तर अल्सरमधून रक्तस्रावाचा धोका वाढतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या, साठीपुढच्या सुमारे ३० हजार जणांची श्वास-चाचणी झाली. त्यात पाच हजारांहून अधिक पॉझिटिव्ह निघाले. इथे त्या शब्दाचा अर्थ ‘जंतू आत्ता आहे’ असा होता. त्यातल्या निम्म्यांना जंतू मारणारा कोर्स मिळाला. २०२२ च्या निष्कर्षांनुसार पहिली अडीच वर्षं या गटात अल्सरच्या रक्तस्रावामुळे दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी जणांवर आली. त्यानंतर मात्र तो फायदा टिकला नाही.